बार्सेव्हची वस्तू सिएटलमध्ये कशी पोचते?

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

ताई, नमस्कार. आम्ही पाच जण, सगळे इंजिनिअरिंगचे. राजारामपुरीत एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत शॅडोरन खेळतो, पाचवी आवृत्ती. जीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मीच. आता एकानं अर्थडॉनचं जुनं पुस्तक पैदा केलंय आणि सगळ्यांनी धोशा लावलाय, की दोन्ही खेळांचं जग एकच आहे तर दोन्ही जोडून खेळूया. त्यांना अर्थडॉनमधली कॅरेक्टरं थेट सिएटलला आणायची आहेत. मी रात्र रात्र जागून कोष्टक काढतोय, की अर्थडॉनची स्टेप ८ म्हणजे शॅडोरनचे किती फासे? काही केल्या जुळत नाही. सुरुवात कुठून करू?
— एक जीएम, राजारामपुरी

ते कोष्टक आधी मिटून ठेव. ते जुळलं तरी तुझ्या उपयोगाचं नाही. का ते सांगते, पण त्याआधी ज्या वाचकांनी हे खेळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडं. हे दोन्ही टेबलाभोवती बसून, फासे टाकत आणि प्रत्येकानं आपलं एक कॅरेक्टर वठवत खेळायचे गोष्टींचे खेळ.

शॅडोरन १९८९ साली आला. त्यातल्या कथेत २०११ मध्ये जादू जगात परत येते, माणसांच्या पोटी एल्फ आणि ड्वार्फ जन्मतात, झोपलेले ड्रॅगन जागे होतात, आणि २०५० च्या सिएटलमध्ये महाकाय कंपन्यांच्या सावलीत चोरीचपाटीची कामं घेणारी एक टोळी, म्हणजे आपण खेळाडू, पोट भरत असते. अर्थडॉन त्यानंतर चार वर्षांनी, १९९३ मध्ये आला. तो त्याच पृथ्वीचा हजारो वर्षांपूर्वीचा काळ. या कल्पनेत जादू हजारो वर्षांच्या चक्रानं चढते आणि ओसरते. अर्थडॉनचं ते चौथं युग, आपलं पाचवं, शॅडोरनचं सहावं. चौथ्या युगात जादू इतकी चढली की बाहेरच्या प्रतलातून हॉरर नावाचे जीव आत शिरले. लोक जमिनीखालच्या मंतरलेल्या आश्रयस्थानांत, केअरमध्ये, सुमारे ४०० वर्षं कोंडून राहिले. खेळ सुरू होतो तेव्हा दारं उघडलेली असतात आणि बार्सेव्ह नावाचा प्रांत पुन्हा वसत असतो. त्याचा नकाशा आजच्या युक्रेनच्या आणि काळ्या समुद्राच्या भागावर बसतो.

आता तुझे फासे. अर्थडॉनमध्ये स्टेपचा आकडा म्हणजे साधारण तितकी सरासरी. स्टेप ५ ला आठ बाजूंचा एक फासा, स्टेप ६ ला दहा बाजूंचा, स्टेप ८ ला सहा बाजूंचे दोन. सर्वांत मोठा आकडा पडला की तोच फासा पुन्हा टाकून बेरजेत धरायचा, म्हणून स्टेप ८ ची सरासरी ८.४ च्या आसपास येते. इथे सगळा खेळ बेरजेचा आहे आणि ती बेरीज अचानक कुठच्या कुठे जाऊ शकते. तुझ्या शॅडोरनमध्ये बेरीज नाहीच. मूठभर फासे टाकायचे आणि ५ किंवा ६ पडलेले मोजायचे. १२ फाशांना सरासरी ४ हिट. एका ठिकाणी नशीब उसळी मारतं, दुसऱ्या ठिकाणी ते दबून राहतं. तू सरासऱ्या जुळवशील, पण ती उसळी कुठून आणशील?

फाशांच्या खालीही एक अडचण आहे आणि ती मला जास्त मोठी वाटते. अर्थडॉनमध्ये खेळाडूचं प्रत्येक कॅरेक्टर अॅडेप्ट असतं. तलवारबाजाची तलवारबाजीही जादूच, चोराचं दबकं पाऊलही जादूच. शॅडोरनमध्ये जादू थोड्यांच्याच वाट्याला येते आणि बाकीचे शरीरात यंत्रं बसवून घेतात. इसेन्स, म्हणजे शरीराचं मूळपण मोजणारा आकडा, ६ पासून सुरू होतो, प्रत्येक यंत्रागणिक घटतो आणि त्याच्याबरोबर जादूही घटते. बार्सेव्हमधला आठव्या सर्कलचा, म्हणजे बऱ्याच वरच्या पायरीचा, वॉरियर जसाच्या तसा सिएटलच्या रस्त्यावर उभा केलास तर दोनपैकी एक होईल. एक तर तो सगळ्यांना भारी पडेल आणि बाकीचे तिघे हात चोळत बसतील. नाहीतर तू त्याला नियमांत बसवण्यासाठी इतका छाटशील, की ज्या पोरानं तो जीव लावून वाढवला त्याला तो ओळखूही येणार नाही.

म्हणून कॅरेक्टर आणू नकोस. त्यांनी मागे ठेवलेलं काहीतरी आण.

अर्थडॉनच्या नियमांत याची सोय आयतीच आहे. तिथल्या मोठ्या जादुई वस्तू हातात घेतल्या की लगेच चालत नाहीत. वस्तूशी धागा विणावा लागतो आणि एकेक पायरी वर जाताना तिच्याबद्दलची एकेक खरी गोष्ट शोधून काढावी लागते: तिचं नाव काय, घडवली कुणी, कुणासाठी. इतिहास कळल्याशिवाय वस्तूची ताकद खुलत नाही. मी आजवर जेवढे खेळ चालवले त्यांत याहून सुंदर नियम मला भेटलेला नाही.

आमच्या मंगळवार पेठेतल्या टेबलावर काय झालं ते सांगते, म्हणजे नेमकं कळेल. आमच्यात हुपरीचे एक चांदी कारागीर खेळतात, सगळे त्यांना मामा म्हणतात. अर्थडॉनमध्ये मामांचं कॅरेक्टर म्हणजे ट्रोल वेपनस्मिथ. त्यांच्या टोळीत एक विंडलिंग होती, हातभर उंचीची, पंखांची. एका न उघडलेल्या केअरमध्ये हॉररच्या तावडीत सापडली तेव्हा तिनं तोंडातून आवाज काढला नाही, कारण आवाज निघाला असता तर बाकीच्यांचा ठिकाणा कळला असता. ती गेली. पुढच्या बैठकीला मामा म्हणाले, "मला तिच्या नावाचं एक कडं घडवायचंय." मी विचारलं, कसं? मग टेबलावरच्या सगळ्यांनी फासे खाली ठेवले आणि मामांनी सांगितलं: चांदी मुशीत कशी वितळवली, पट्टी कशी ठोकली, जोड आतल्या बाजूला कुठे लपवला. कड्याला एकच घुंगरू लावलं आणि त्यात खडा घातला नाही. ते वाजत नाही. मी वहीत त्या कड्याच्या तीन गोष्टी लिहिल्या: नाव, घडवणारा, आणि घुंगरू का वाजत नाही.

बऱ्याच महिन्यांनी आम्ही शॅडोरनकडे वळलो. माणसं तीच, कॅरेक्टरं नवी. मामा आता डेकर होते, मॅट्रिक्समध्ये शिरून कुलपं उघडणारे. काम आलं: एका कंपनीच्या संग्रहातून एक पेटी उचलायची, विकत घेणारा तयार आहे. उचलली. उघडली. आत चांदीचं कडं, वर एक चिठ्ठी: 'विधीतील कंकण, काळ्या समुद्राचा किनारा.' टोळीतल्या जादूगारानं जादूच्या सूक्ष्म नजरेनं पाहिलं तर खूप जुनं, खूप दाट काहीतरी दिसलं, अर्थ लागला नाही. मी एवढंच जोडलं की एक घुंगरू आहे आणि ते वाजत नाही.

टेबलावरच्या प्रत्येकाला कळलं. मामांनी माझ्याकडे बघून विचारलं, "मला कळतंय का ताई?" मी म्हटलं, "तुम्हाला कळतंय. तुमच्या डेकरला नाही." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी आपल्या हातानं घडवलेलं ते कडं ४०,००० न्युयेनला विकलं, कारण त्या डेकरच्या डोक्यावर कर्ज होतं आणि त्याला दुसरं काही सुचलंच नसतं. घ्यायला आलेला म्हातारा एल्फ होता. त्यानं कडं तपासलं नाही, कागद मागितले नाहीत. कानाजवळ नेऊन एकदा हलवलं. घुंगरू वाजलं नाही तसे त्यानं भाव न करता पैसे मोजले.

त्या एका हालचालीत दोन्ही खेळ जोडले गेले. त्या एल्फला ती विंडलिंग कशी माहीत, हा प्रश्न माझ्या खेळाडूंनी मला त्या रात्रीपासून सोडलेला नाही. शॅडोरनमधले काही एल्फ चौथ्या युगापासून जिवंत आहेत, ही मूळ खेळातलीच गोष्ट आहे, तेव्हा उत्तर शोधायला जागा भरपूर.

यातलं तू काय घ्यायचंस? पहिलं म्हणजे, नंतरच्या काळातल्या लोकांना वस्तूबद्दल कमी माहिती असू दे, आणि जी असेल ती थोडी चुकीची असू दे. आपल्या कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममध्ये जा एकदा. तिथे पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आहे, ग्रीकांचा समुद्रदेव. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४० च्या दशकात जे उत्खनन झालं त्या वेळी सापडलेली, सातवाहन काळात समुद्रापलीकडून आलेली. कुठल्या घाटानं वर चढली, कुणाच्या घरात होती, इथल्या माणसानं तिला देव मानलं की शोभेची वस्तू, याची कुठेही नोंद नाही. काचेपाशी उभा राहिलास की हजार प्रश्न पडतात. तुझ्या सिएटलमधल्या खेळाडूंना बार्सेव्हची वस्तू अशी दिसली पाहिजे.

दुसरं, हॉरर सिएटलमध्ये आणू नकोस. तुझ्या पोरांना तेच हवं असणार, मला ठाऊक आहे. पण मूळ कथेतही सहाव्या युगात जादूची पातळी अजून तेवढी चढलेली नाही. रक्ताच्या जादूमुळे ती मध्येच कुठे उंचावली तर हॉररना आत यायचा पूल लवकर बांधला जाईल, अशी भीती आहे आणि ती भीतीच जास्त कामाची आहे. एखाद्या कंपनीच्या तळघरात खोदताना आतून बंद केलेलं दार सापडू दे. दारावर आतल्या बाजूनं नखांचे ओरखडे. बस्स.

तिसरं खास तुझ्यासाठी. तुझा खेळ २०५७ च्या आसपास असेल तर सोन्यासारखी संधी आहे. त्या वर्षी डंकेलझान नावाचा ड्रॅगन राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून येतो आणि शपथविधीच्या रात्रीच मारला जातो. मागे तो एक लांबलचक मृत्युपत्र ठेवून जातो, ज्यात कुणाकुणाला काय काय द्यायचं ते लिहिलेलं असतं. हा डंकेलझान म्हणजेच अर्थडॉनमधला माउंटनशॅडो. आता विचार कर. तुझ्या पोरांनी बार्सेव्हमध्ये माउंटनशॅडोला काही दिलं, काही कबूल केलं किंवा त्याच्याकडे काही ठेवायला दिलं, तर हजारो वर्षांनी मृत्युपत्रातली एक ओळ तुझ्या सिएटलच्या टोळीच्या नावानं निघू शकते. ती ओळ आत्ताच लिहू नकोस. अर्थडॉन खेळताना काय घडतं ते बघ आणि मग लिही.

माझ्याकडे दोन वेगळे गट आहेत. एक अर्थडॉन खेळतो, दुसरा शॅडोरन. त्यांची एकमेकांशी ओळख नाही. दोन्ही एकाच जगात एकाच वेळी चालवता येतील का?
— गडहिंग्लज

येतील, आणि मला हा प्रकार फार आवडतो. पण एक गोष्ट सांभाळा. शॅडोरनच्या गटानं काल एक मनोरा ढासळलेला पाहिला आणि आज अर्थडॉनच्या गटानं तोच मनोरा वाचवायचं ठरवलं, तर तुम्ही कात्रीत सापडाल. त्यांना वाचवू दिलं तर काल खोटा पडतो आणि अडवलं तर त्यांच्या खेळण्याला अर्थ राहत नाही. त्यामुळे अर्थडॉनचा गट नेहमी दोन-तीन बैठका पुढे ठेवा, आणि नंतरच्या काळात फक्त अवशेष दाखवा, कारण दाखवू नका. 'मनोरा पडलेला आहे' एवढं चालेल. 'मनोरा वेढ्यात पडला' म्हणालात की अर्थडॉनच्या गटाचे हात बांधलेत. कदाचित त्यांनी तो वाचवला असेल आणि त्यानंतर हजार वर्षांनी तो भूकंपात गेला असेल. मधल्या काळात वाटेल ते घडू शकतं, ती मोकळीक तुमच्या हातात आहे.

दोन्ही गटांसाठी वही एकच ठेवा. डाव्या पानावर अर्थडॉनमध्ये काय घडलं, उजव्या पानावर त्याचं सहाव्या युगात काय उरलं. उजवी पानं पुष्कळशी कोरीच राहतात, त्याची घाई करू नका. आणि दोन्ही गटांची भेट घडवायचीच असेल तर अगदी शेवटी घडवा, रंकाळ्यावर भेळ खाताना. तोवर कुणालाही काही सांगायचं नाही.

ताई, शॅडोरनच्या नव्या पुस्तकांत अर्थडॉनचं नावही नाही. दोन्ही जगं खरंच एक आहेत की हे चाहत्यांनी पसरवलंय?
— इचलकरंजी

खरंच एक आहेत, ज्यांनी बनवली त्यांच्याच मनात. दोन्ही खेळ फासा (FASA) कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीचे. अर्थडॉन यायच्या आधीच, १९९० च्या 'हार्लेक्विन' या शॅडोरनच्या साहसात, दोन अतिप्राचीन एल्फांचं जुनं वैर आहे. खेळाडूंना एकेक सुटं काम मिळत जातं आणि पुढे कळतं की आपण त्या वैरातली प्यादी होतो. मागच्या युगाची चाहूल तिथेच लागते. १९९३ नंतर तर दोन्हीकडे सारखी माणसं, सारखे ड्रॅगन, सारखा ओरिकॅल्कम धातू दिसू लागतो.

मग २००१ मध्ये फासानं काम थांबवलं आणि दोन्ही खेळ वेगवेगळ्या हातांत गेले. आज शॅडोरनची पुस्तकं कॅटॅलिस्ट गेम लॅब्ज काढते आणि अर्थडॉनची फासा गेम्स. एकानं दुसऱ्याचं नाव घेणं हा हक्कांचा मामला झाला, म्हणून नव्या पुस्तकांत सूचक भाषा येते, हॉररना 'शत्रू' वगैरे. माझं मत विचाराल तर यात खेळणाऱ्याचं फार बिघडलेलं नाही. पुस्तकात तो दुवा सविस्तर लिहिलेला असता तर आमच्या टेबलावर तो कुणी शोधला नसता. तुमच्या घरात तुम्ही काय जोडता याला कुणाची हरकत नाही. फक्त ते छापून विकायला जाऊ नका.

मी कागलजवळ एका शाळेत आठवीला शिकवतो. मुलांना असे खेळ द्यावेत असं वाटतं, पण ही पुस्तकं जाडजूड आणि इंग्रजी. दोन काळ जोडण्याची ही कल्पना साध्या नियमांवर चालेल का?
— एक शिक्षक

सर, नक्की चालेल, आणि आठवीतली मुलं ती मोठ्यांपेक्षा लवकर पकडतात. त्यांना बार्सेव्हही नको आणि सिएटलही नको. रंकाळ्याच्या जागी पूर्वी दगडाची खाण होती असं आपल्याकडे सांगतात. पहिला खेळ त्या खाणीत ठेवा: मुलं पाथरवट, त्यांची पोरं, बैलगाडीवाले. प्रत्येकानं खाणीत एक वस्तू लपवायची आणि ती का लपवली हे चिठ्ठीवर लिहून तुमच्याकडे द्यायचं. चिठ्ठ्या बंद. दुसरा खेळ महिनाभरानं, आजच्या काळात. एका उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेलंय आणि काठाशी काहीतरी चमकतंय. आता ज्यानं जी लपवली ती त्याला सोडून दुसऱ्यालाच सापडली पाहिजे, एवढी वाटणी तुम्ही करा.

नियम एकच ठेवा: सहा बाजूंचा फासा, ४ किंवा वर पडला तर जमलं. पाथरवटाचा पोरगा दगडाचं काम करत असेल तर त्याला दोन फासे टाकू द्या आणि त्यातला चांगला धरा. याच्यावर काही लागत नाही.

चिठ्ठ्या मात्र लगेच उघडू नका. आधी सापडलेल्या वस्तूबद्दल मुलांना तर्क करू द्या, भांडू द्या, एकमेकांचं खोडू द्या. चिठ्ठी वाचायची की नाही हे त्यांनीच ठरवायचं, आणि खाणीचा नकाशाही त्यांनाच काढू द्या, मोठ्या कार्डशीटवर, म्हणजे दुसऱ्या खेळाला तोच उलटा करून त्यावर तळं रंगवता येईल.